गुपित कोणाच्या मालकीचे?

आमच्या महाविद्यालयातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडलेले दोन विद्यार्थी सध्या परदेशात शिकत आहेत. एक जर्मनीत आखेन येथे आणि दुसरी अमेरिकेत, टेक्सासमध्ये. दोघांची पत्रे (ती आता टपालाने येत नाहीत, तरी त्यांना पत्रेच म्हणावयाची सवय सुटलेली नाही) एकाच आठवड्यात हाती पडली. आखेनचा विद्यार्थी लिहितो की, वसतिगृहात सहा महिने काढले, पण शेजारच्या खोलीतील मुलाने नावापलीकडे काही विचारले नाही. घरी कोण असते, वडील काय करतात, जेवलास का, यांपैकी एकही प्रश्न नाही. विद्यार्थिनीची तक्रार नेमकी उलटी आहे. तिला पहिल्याच दिवशी सर्वांनी मैत्रीण म्हणून पत्करले. एका मुलीने तर दुसऱ्याच भेटीत आपल्या आईच्या मानसिक आजाराची सारी हकीकत तिला ऐकविली. आमच्या विद्यार्थिनीला त्या रात्री झोप आली नाही. एवढा विश्वास टाकणारी ही मुलगी आता आपली जन्माची सखी झाली, अशी तिची समजूत. पुढे सत्र संपले, वर्ग बदलले, आणि ती सखी एक दिवस समोरून हसत आली, हात हलविला आणि पुढे निघून गेली. "सर, मग तिने मला ते सांगितले तरी कशासाठी?" असा प्रश्न पत्राच्या शेवटी आहे.

२०२३-२४ या वर्षी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांच्या वर गेली होती आणि जर्मनीतील संख्या ४९ हजारांच्या घरात होती. व्हिसा कसा काढावा, कर्ज कोणत्या बँकेचे घ्यावे, विनिमयाचा दर केव्हा अनुकूल असतो, हे शिकविणारे वर्ग आता तालुक्याच्या गावीही निघाले आहेत. परंतु तेथील माणूस आपल्याशी मोकळेपणाने बोलला म्हणजे काय समजावे, आणि बोलला नाही म्हणजे काय समजू नये, हे या मुलांना कोणीही सांगत नाही. त्याची किंमत ती एकटेपणाने मोजतात, आणि घरी फोनवर "सर्व ठीक आहे" असे सांगतात.

या दोन पत्रांतील फरक नव्वद वर्षांपूर्वी एका माणसाने स्वतःच्या अनुभवावरून टिपून ठेवला आहे. कुर्ट लेविन हे बर्लिनचे मानसशास्त्रज्ञ. ज्यू असल्यामुळे १९३३ साली त्यांना जर्मनी सोडून अमेरिकेत आश्रय घ्यावा लागला. १९३६ साली त्यांनी या दोन देशांतील सामाजिक-मानसिक भेदांवर एक निबंध लिहिला. माणसाचे व्यक्तित्व त्यांनी एकात एक असलेल्या वर्तुळांनी दाखविले आहे. अमेरिकन माणसाची बाहेरची बरीचशी वर्तुळे परक्याला सहज खुली असतात. बंद असतो तो अगदी आतला गाभा. जर्मन माणसाचे कुंपण बाहेरच्या वर्तुळापाशीच सुरू होते. मात्र ते एकदा ओलांडले की आत फारशा भिंती नाहीत. अमेरिकन पीच आणि जर्मन नारळ ही उपमा पुढे याच विचारावरून रूढ झाली. कोकणी माणसाला फणस म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहेच. जर्मन भाषेत 'मित्र' हा शब्द जपून वापरतात, नुसत्या परिचितासाठी वेगळा शब्द आहे. आणि 'तुम्ही'वरून 'तू'वर येण्याचा प्रस्ताव वडीलधाऱ्याने करावा, असा संकेत मोठ्या माणसांत अजून पाळला जातो. 'अहो'चे 'अरे' केव्हा होते, याची नेमकी जाण मराठी माणसालाही असते. तेव्हा निदान हा भाग आपल्याला परका वाटू नये.

परंतु आपण स्वतः या दोन फळांपैकी कोणते? येथे लेविन यांची वर्तुळे अपुरी पडतात. आपण परक्याला पहिल्या दहा मिनिटांत पगार विचारतो, लग्न झाले का विचारतो, मूल का नाही तेही विचारतो. यात आगाऊपणा आहे असे आपल्याला वाटत नाही. 'विचारपूस' या आपल्या शब्दात चौकशी आणि आस्था ही दोन्ही एकत्र नांदतात. आणि हाच विचारपूस करणारा माणूस स्वतःच्या घरातील एखादी गोष्ट वीस वर्षांच्या मित्रालाही सांगत नाही. हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही.

२००६ साली एक अमेरिकन संशोधक सहकारी साखर कारखान्यांच्या अभ्यासासाठी आमच्या गावी वर्षभर राहिला होता. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. कारखान्यांची कागदपत्रे वाचून दाखविण्याच्या निमित्ताने आमची ओळख झाली. दुसऱ्याच संध्याकाळी, चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या, त्याने मला वडिलांचे मद्यपान आणि स्वतःचा घटस्फोट सांगितला. मी अवघडून गेलो. कपात बघत राहिलो. घरी येताना मात्र छाती फुगली होती. टेक्सासच्या आमच्या विद्यार्थिनीला जे वाटले तेच मला वाटले. पुढे तो आमच्या घरचाच झाला. आठवड्यातून तीन-चार वेळा जेवावयास असे. आईने त्याला सदऱ्याची किंमत विचारली, घरभाडे विचारले, पहिली बायको सोडली तर दुसरी कधी करणार हेही विचारले. तो आधी दचके, नंतर हसून उत्तरे देऊ लागला.

त्याच वर्षी माझी थोरली बहीण सासर सोडून कायमची परत आली होती. (हे मी तिच्या अनुमतीने लिहीत आहे.) गावात आम्ही सांगत होतो की ती हवापालटासाठी आली आहे. आमचा मित्र तिच्या हातच्या पोळ्या खात होता, तिला 'ताई' म्हणत होता, आणि त्यालाही आम्ही तेच सांगितले होते. खरी गोष्ट त्याला महाविद्यालयाच्या शिपायाकडून कळली. एका रात्री गच्चीवर त्याने मला सरळ विचारले, "ताई परत जाणार नाही, हे खरे का?" मी म्हणालो, "छे! दिवाळीनंतर जाईल." त्याने मान हलविली. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही, पण जेवावयास येणे कमी झाले. २००७ च्या मे महिन्यात तो परत गेला. त्यानंतर दोन पत्रे आली, मग नाताळची शुभेच्छापत्रे, मग तीही नाहीत. मी मनाशी म्हणालो, शेवटी परकेच ते. काम संपले, मैत्री संपली. त्याने माझ्याविषयी काय म्हटले असेल, याचा विचार करावयास मला बरीच वर्षे लागली.

त्याने मला विश्वासाने आपला घटस्फोट सांगितला आणि मी त्याला घटस्फोटाविषयीच खोटे बोललो. त्याच्या बाजूने पाहता याचा अर्थ एकच होतो : या माणसाला मी मित्र समजत होतो, त्याने मला तसे समजले नाही. माझ्या बाजूने वस्तुस्थिती निराळी होती. त्याचा घटस्फोट ही त्याची स्वतःची मिळकत होती. ती कोणाला दाखवावी हे ठरविण्याचा पूर्ण अधिकार त्याचा होता. ताईचे परत येणे ही मात्र आमच्या अविभक्त कुटुंबाची मिळकत होती. तिच्यात वडिलांच्या प्रतिष्ठेचा हिस्सा होता, लग्न ठरावयाच्या धाकट्या बहिणीचा होता, वकिलाने घातलेल्या तोंडबंदीचा होता. एका हिस्सेदाराने परस्पर व्यवहार करावयाचा नाही, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. तेव्हा माझ्या मनात त्याच्याविषयी आडपडदा होता असे नव्हे. सांगण्याजोगी वस्तू माझ्या नावावरच नव्हती.

मित्रांतील मोकळेपणाविषयी आपण बोलतो तेव्हा माणसाच्या हृदयाच्या मोठेपणाविषयी बोलत आहोत असे समजतो. माझ्या मते यात मूळ प्रश्न दोन आहेत : गुपित कोणाच्या मालकीचे, आणि ते फुटले तर भुर्दंड कोणाला? अर्थशास्त्राच्या अध्यापकाला सगळीकडे बाजारच दिसतो, असा आक्षेप आमच्या मराठी विभागातील सहकारी घेतात. तो पत्करून एवढेच म्हणतो की, मानसशास्त्रज्ञांनाही या बाबतीत काहीसे असेच दिसले आहे. डीन बार्नलंड यांनी १९७५ साली जपानी व अमेरिकन विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध केली. आवडीनिवडींवर दोघेही सहज बोलतात, स्वतःचे दोष आणि शरीर यांवर दोघेही संकोचतात. विषयांची चढउतार बहुतांशी सारखीच. फरक एवढाच की प्रत्येक विषयात जपानी विद्यार्थी अमेरिकनाच्या अलीकडे थांबतो. त्याचे कारण शोधताना २०१० साली शुग, युकी आणि मॅडक्स या संशोधकांनी स्वभावाकडे बोट न दाखविता समाजाच्या रचनेकडे दाखविले. ज्या समाजात नवी नाती सहज जोडता येतात आणि जुनी सहज तोडता येतात, तेथे मित्र सतत मिळवावा आणि टिकवावा लागतो. अशा ठिकाणी स्वतःचे मर्म दुसऱ्याच्या हाती देणे हा त्या नात्याचा विसार असतो. विसार दिला म्हणजे खरेदीखत झाले असे नव्हे. टेक्सासमधल्या त्या मुलीने आमच्या विद्यार्थिनीला फसविले नाही. तिने विसार दिला होता, आणि कदाचित आमच्या विद्यार्थिनीकडून उलट काहीच आले नाही म्हणून ती पुढे गेली. जेथे नाती जन्माने, गावाने, गल्लीने ठरून गेलेली असतात, तेथे विसाराची गरज नसते. शेजारी आपल्याला सोडून जाणार नाही, आणि नेमकी भीतीही तीच असते.

हे पटत नसेल तर कोल्हापूरहून गोंदियाला जाणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये एक रात्र काढावी. घरी भावालाही न सांगितलेली गोष्ट आपला माणूस समोरच्या बाकावरील अनोळखी प्रवाशाला शिदोरी सोडता सोडता सांगून टाकतो. सुनेचा छळ, मुलाचे कर्ज, स्वतःचे पहिले प्रेम, काहीही. श्रोता मनमाडला उतरून जाणार असतो. त्याच्याकडून गोष्ट गावात पोचण्याची वाट नसते. परक्या माणसाला अनेकदा कबुलीजबाब ऐकावयास मिळतात, हे गेओर्ग झिमेल यांनी १९०८ सालीच लिहून ठेवले आहे. तेव्हा आपण मिटलेले आणि ते मोकळे ही वाटणी खोटी आहे. आपण ऐकणाऱ्याचे लागेबांधे मोजतो. आमचा अमेरिकन मित्र पहिल्या आठवड्यात गाडीतला प्रवासी होता, तेव्हा कदाचित मी त्याला सांगितलेही असते. तो घरचा झाला आणि संधी गेली. ताईच्या पोळ्या खाणारा माणूस गावाच्या जाळ्यात आला होता.

येथवर मी आपल्या बाजूचे वकीलपत्र घेतल्यासारखे दिसेल. तसा हेतू नाही. 'आमची संस्कृतीच अशी' हे वाक्य फार सोयीचे असते, आणि सोय नेहमी हिशेब ठेवणाऱ्याची होते. भुर्दंड कोण भरतो ते पाहावे. संस्कृतीसंस्कृतींतील मैत्री म्हटले की आपल्यापुढे विमानतळ येतो. पण महाराष्ट्रात ती मैत्री एकाच बाकावर बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांचीही असते. "आडनाव काय? गाव कोणते? घर गावात कोणत्या बाजूला?" ही ज्याला आपण विचारपूस म्हणतो, ती दलित विद्यार्थ्याच्या कानाला तशीच ऐकू येते असे समजण्याचे कारण नाही. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. त्याचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेब आंबेडकरांना पारशी नावाने पारशी धर्मशाळेत राहावे लागले. ओळख उघड होताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्या दिवशी ते ज्या दोन मित्रांकडे आसरा मागावयास गेले, त्यांतील एक हिंदू होता आणि एक ख्रिस्ती. दोघांनाही त्यांची जात ठाऊक होती, म्हणजे लपविण्यासारखे काही नव्हते. आणि दोघांनीही सबबी सांगितल्या. उलट पुढे लंडनचे शिक्षण पुरे करण्यासाठी त्यांनी ज्या स्नेह्याकडून कर्ज घेतले ते कोलंबिया विद्यापीठातील सहाध्यायी नवल भथेना पारशीच होते. मोकळेपणाची अपेक्षा करणाऱ्याने, तो मोकळेपणा दाखविल्यावर आपण घराचे दार उघडणार आहोत का, हे आधी स्वतःला विचारले पाहिजे. विचारपूस करण्याचा अधिकार नेहमी ज्याला काही गमवावयाचे नसते त्याच्याकडेच कसा काय असतो, हेही पाहिले पाहिजे.

मग परक्याशी मर्माचे बोलावयाचे तरी कसे? आपल्या समाजाने यावर एक तोड फार पूर्वीच काढलेली आहे. ती म्हणजे परक्याला नात्यात घेणे. गोपाळराव जोशांनी कोल्हापुरातून एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडे मासिकात छापले गेले. ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले, आणि १८८० साली त्यांनी लिहिलेल्या पत्रातून आनंदीबाईंशी त्यांचा स्नेह सुरू झाला. एकमेकींना कधीही न पाहिलेल्या या दोघींची पत्रे तीन वर्षे चालू होती. एक पंधरा-सोळा वर्षांची चित्पावन मुलगी, आणि दुसरी मुलेबाळे असलेली प्रौढ अमेरिकन गृहिणी. बालविवाहाने स्त्रियांच्या प्रकृतीची होणारी हानी, घरातील चालीरीती, स्वतःचे आजारपण, असे विषय आनंदीबाईंनी त्यांच्याशी काढले. तिकडून औषधे आली. त्या काळच्या मराठी घरात सोळा वर्षांच्या सुनेने यांतील किती गोष्टी कोणाशी काढल्या असत्या? आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणत. मावशी म्हटल्यावर गोष्ट घराबाहेर जात नाही. कुटुंबाच्या मिळकतीत एक नवा हिस्सेदार येतो, एवढेच. जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्यावर त्या या मावशीकडे राहिल्या. मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात वैद्यकीची पदवी घेतली. आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, वारल्या. त्यांची रक्षा श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आली आणि त्यांनी ती पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. नाते मानले ते दोन्हीकडून मानले गेले, याहून त्याचा अधिक पुरावा कोणता हवा?

ही तोड मात्र सर्वांच्या कामी येत नाही. आमच्या घरी आमच्या मित्राने ताईला 'ताई' म्हटलेच होते. आम्ही त्याला भाकरीत हिस्सा दिला, गुपितात दिला नाही. नात्याचा शब्द आम्ही पाहुणचारापुरता वापरला.

विद्यार्थिनीला मी अजून उत्तर लिहिले नव्हते तेव्हाच, गेल्या दिवाळीत, त्या मित्राचा पत्ता पुन्हा लागला. एका परिषदेच्या कागदपत्रांत त्याचे नाव दिसले म्हणून मी लिहिले. दुसऱ्याच दिवशी त्याचे लांबलचक उत्तर आले. वडील वारल्याचे त्यात होते, शेवटच्या महिन्यांत ते काय बोलत तेही होते. भाऊबीजेला ताई घरी आली असताना आम्ही त्याला पडद्यावर बोलाविले. मी प्रस्तावना करू लागलो, तर ताईने मला गप्प केले आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत दहा मिनिटांत सारे सांगून टाकले : सासर का सोडले, खटला किती वर्षे चालला, 'हवापालट' या शब्दाखाली चार वर्षे कशी गेली, आणि त्या चार वर्षांत कोणीही एकदाही सांत्वन केले नाही, कारण अधिकृतपणे कोणाला काही ठाऊकच नव्हते. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "झाकून तुम्ही ठेवलंत. मला कुणी विचारलं होतं?"

आमचा मित्र बराच वेळ काही बोलला नाही. तेवढ्यात आईने खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्या मागे दिसणारे घर नवे का, आणि ते केवढ्याला पडले, असे विचारले. त्याने आकडा सांगितला. तो रुपयांत करून मी सांगितल्यावर आईला तो जास्त वाटला.